दुसऱ्याच्या गळ्यातली हाक

चौथीच्या गॅदरिंगला परांजपेबाईंनी मेधाला समूहगीताच्या रांगेत मागे सारलं आणि कानाशी वाकून सांगितलं, "तू गाऊ नकोस हं, नुसते ओठ हलव." बाई वाईट नव्हत्या. त्यांना बक्षीस हवं होतं आणि मेधाचा सूर रांग सोडून भलतीकडे चालला होता. मेधानं ओठ हलवले. बक्षीस मिळालं. घरी आल्यावर आई म्हणाली, "काय गोड गायलात गं सगळ्या!" त्यानंतर पस्तीस वर्षं ती कुठेही गायली नाही. गणपतीच्या आरतीलासुद्धा ती टाळ्या वाजवायची आणि प्रसादाच्या वाट्या भरायला आत निघून जायची.

एरवी आवाजाची तिला कमतरता नव्हती. सिंगापूरला येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. नवरा प्रताप आयटीत, मुलगी गार्गी पंधरा वर्षांची, घर बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि नोकरी तुआसला, जहाजांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. कुठल्या ड्रॉइंगची कुठली आवृत्ती चालू आणि कुठली रद्द, याची राखण करणं हे तिचं काम. एकदा रद्द झालेल्या ड्रॉइंगवरून पोलादाच्या प्लेटा कापायला सुरुवात झाली, तेव्हा मेधा हेल्मेट चढवून थेट मशीनपाशी गेली आणि मशीन बंद करायला लावलं. मॅनेजर ओरडला. ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. त्या दिवसापासून कंपनीत तिला 'मॅडम स्टॉप' म्हणायला लागले.

अशी ही बाई गाणाऱ्यांच्या ताफ्यात गेली ती निशिकांतमुळे. निशिकांत प्रतापचा मित्र, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सोळा वर्षं सिंगापुरात मुरलेला. २०१५ च्या जानेवारीत संक्रांतीच्या तिळगुळाला घरी आला होता, तेव्हा म्हणाला, "वहिनी, बिशानला दर शनिवारी एक कोरस जमतो. डेस्मंड क्वेक म्हणून तरुण संगीतकार आहे, तो हौशी लोकांना घेऊनच नवं संगीत रचतो. मीनल आणि मी जातोय. तुम्हीही चला."

"मला गाता येत नाही."

"तेच तर! तिथे ऑडिशनच नाही."

निशिकांतच्या बायकोला, मीनलला, सोबत म्हणून मेधा गेली. दोन शनिवारांनंतर मीनलनं योगाचा क्लास लावला आणि येणं सोडलं. मेधा राहिली.

एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर खोली होती. चाळीस माणसं. निवृत्त नर्स, शाळेतल्या बाया, एक दंतवैद्य, टॅक्सी चालवून थकलेले एकाहत्तर वर्षांचे रझाली अंकल. डेस्मंड चौतिशीचा, सडपातळ, सतत पेन्सिल चावणारा. पहिल्याच दिवशी त्यानं कुणाच्या हातात कागद दिला नाही. त्यानं विचारलं, "लहानपणी खेळत असताना तुम्हाला घरी कशी हाक मारायचे? मला सांगू नका. तशीच मारून दाखवा."

रझाली अंकल उठले. त्यांच्या आईनं खाडीकाठच्या गावातून मारलेली मलय हाक त्यांनी मारली आणि खोलीतले पंखेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मग सिल्विया ओंग, अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त नर्स. त्यांची आजी होक्कियन बोलीत शिव्या देत बोलवायची, ते ऐकून सगळे हसले. मग मेधाची पाळी आली.

डोंबिवलीला त्यांच्या बिल्डिंगमागे मोकळं मैदान होतं. संध्याकाळी आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत यायची आणि हाक मारायची. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. मेधानं डोळे मिटले आणि ओरडली, "मेधूऽऽ, पानं घेतलीऽऽ!"

शेवटच्या 'ली'वर तिचा आवाज फाटला. तिनं लगेच माफी मागितली.

"माफी कसली?" डेस्मंड म्हणाला. "पुन्हा म्हणा. आणि फाटतो तिथेच फाटू द्या. अर्थ काय याचा?"

"पानं म्हणजे ताटं. ताटं वाढलीत, जेवायला ये."

त्यानं लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी तो कागद घेऊन आला तेव्हा 'ली'च्या वर एक वाकडीतिकडी रेघ होती. तो म्हणाला, "हे तुमचं फाटणं. इथून पुढे बाकी एकोणचाळीस जण त्या रेघेवर चढणार. तुमचा आवाज फाटला नाही तर त्यांना वाटच नाही."

घरी आल्यावर मेधानं तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि प्रतापला तीनदा दाखवला.

नऊ महिने हे चाललं. शनिवारी दुपारी बुकित पंजांगहून बिशान, येताना पिशवीत भाजी. स्वयंपाकघरात ती हाकेचा सराव करायची तेव्हा गार्गी कानांवर हात ठेवायची. "ममा, सो लाउड! शेजारचे कम्प्लेन करतील लाह." पण एकदा मेधानं पाहिलं, तर गार्गी आंघोळ करताना तीच हाक गुणगुणत होती. चाळीस हाका एकमेकींत गुंतून वीस-बावीस मिनिटांची एक रचना उभी राहिली. तमिळ, मलय, होक्कियन, मराठी. डेस्मंड प्रत्येकाच्या गळ्याच्या मापानं शिवत होता. कुणाला दम कमी, त्याला लहान ओळी. कुणाला कमी ऐकू येतं, त्याला शेजारच्यानं कोपर मारायचं, तेही त्यानं कागदावर लिहिलेलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका मोठ्या महोत्सवात हे सादर व्हायचं ठरलं. मोठं सभागृह, थेट प्रक्षेपण. चाळिसांनी आपापल्या नातेवाइकांना बोलावलं. सिल्वियाआंटींचे नातू खास मेलबर्नहून यायचे होते.

मग सप्टेंबरात हेझ आला. शेजारच्या बेटांवरच्या जळत्या जंगलांचा धूर शहरभर पसरला, शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या, लोक मास्क लावून फिरू लागले. कोरसमधले अर्धे खोकत होते. तरी सराव बुडाला नाही. रझाली अंकल इन्हेलर खिशात घालून यायचे.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना सभागृहात तालीम ठेवली होती. महोत्सवाची प्रोड्यूसर, जॅनिस हो नावाची चटपटीत बाई, मंचावर आली आणि हसून म्हणाली, "तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. हेझमुळे तुमच्या घशांवर ताण नको, म्हणून आम्ही सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवलंय. तुम्ही नेहमीसारखं उभं राहायचं, भाव चेहऱ्यावर आणायचे आणि ओठ हलवायचे."

कुणीतरी विचारलं, "पण आमचं रेकॉर्डिंग कधी झालं?"

"तुमचं नाही. प्रशिक्षित तरुण गायकांचं. ऐका ना, फार सुंदर झालंय."

स्पीकर सुरू झाले. खरंच सुंदर होतं. धुतलेल्या काचेसारखं. रझाली अंकलांच्या आईची हाक एका कोवळ्या मुलानं मारली आणि रझाली अंकल स्वतःशीच म्हणाले, "हा कोण?" मग एका मुलीचा घासूनपुसून लखलखीत केलेला आवाज आला, "मेदूऽ, पाना गेटलीऽ." 'ली' कुठेही फाटला नाही. सरळ रेषेत वर गेला आणि तिथेच चमकत राहिला.

मेधाच्या कानशिलात रक्त चढलं. तिच्या आईला कुणीतरी परकं कातडं घातलं होतं, नाव चुकवलं होतं आणि वर तिलाच तिथे उभं राहून ओठ हलवायला सांगत होते. परांजपेबाई निदान नऊ वर्षांच्या मुलीशी बोलत होत्या. ही बाई चाळीस मोठ्या माणसांशी बोलत होती, आणि चांगली बातमी म्हणून सांगत होती!

"थांबवा," मेधा म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. मग ती कारखान्यातल्या आवाजात ओरडली, "स्टॉप!" आणि स्पीकर बंद झाले.

"हे आम्ही नाही," ती म्हणाली. "आमच्या नावावर दुसऱ्यांचा आवाज लोकांना ऐकवणार, याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घसा बसला तर बसलेल्या घशानं गाऊ. नऊ महिने तेच तर शिकलो."

जॅनिस होचं हसू जागचं हललं नाही. "थेट प्रक्षेपण आहे, मॅम. धोका पत्करता येत नाही. आणि डेस्मंडची संमती आहे."

चाळीस माना डेस्मंडकडे वळल्या. तो पियानोशी उभा होता. त्यानं पेन्सिल तोंडातून काढली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा पेन्सिल चावायला लागला.

रझाली अंकलांनी आपली फाइल खुर्चीवर ठेवली, पिशवी उचलली आणि चालते झाले. मेधा त्यांच्यामागून निघाली. आणखी पाच जण उठले. तेहतीस राहिले.

दारात निशिकांतनं तिला गाठलं. "वहिनी, जरा डोकं शांत ठेवा. एवढ्यातेवढ्यावरून कशाला? सगळीकडे असंच चालतं. आणि तुमचा पीआरचा, कायम वास्तव्याचा, अर्ज गेलाय ना? उगाच कुठे नाव झालं तर?"

"ओठ न हलवल्याबद्दल पीआर नाकारतात, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं, वहिनी."

"मग जे लिहिलेलं नाही त्याला मी घाबरणार नाही," मेधा म्हणाली. पण घरी जाताना ट्रेनमध्ये तिला घाम फुटला होता, आणि त्याचाही तिला संताप आला.

प्रतापनं सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण..."

"पण नको, प्रताप. आज कुणाचाही पण नको."

प्रताप म्हणाला, "बरं. मेल लिहायचा असेल तर लिही. मी वाचून देतो."

तिनं महोत्सवाला मेल लिहिला. माझ्या आईची हाक मी माझ्या तोंडानं द्यायची म्हणून दिली होती, ती काढून टाका, एवढंच. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मात्र आमच्या माहितीप्रमाणे सदर भाग हे चहाच्या मळ्यातल्या स्त्रियांचं पारंपरिक मराठी गीत असून त्यावर कुणा एका व्यक्तीचा हक्क नाही. सोबत कार्यक्रमपत्रिकेचं पान जोडलं होतं. तिथे छापलंच होतं: 'पानं खुडून झाली. पारंपरिक. कवी अज्ञात.'

मेधानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

गार्गी अभ्यासाच्या टेबलावरून उठून आली. "आजीचं टी सॉंग? वॉट नॉन्सेन्स!" ती म्हणाली. "ममा, आजी तर कॉफी प्यायची."

मेधाला हसू आलं नाही. चहाचा मळा! डोंबिवलीत! कुणा एकालाही फोन उचलून विचारावंसं वाटलं नाही. चाळीस माणसांची नावं आणि फोन नंबर त्यांच्याकडे होते. अज्ञात म्हणे. आईचं नाव सुलभा होतं, ती पोस्टात नोकरी करायची, कामावरून येऊन कुकर लावायची आणि मग गॅलरीत यायची. यात अज्ञात काय होतं?

रविवारी सकाळी तिनं डेस्मंडला बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कॉफीला बोलावलं. तो आला. डोळे सुजलेले होते.

"चहाचं तू वाचलंस?" तिनं विचारलं.

"वाचलं. वाटलं, नंतर दुरुस्त करू."

"नंतर कधी?"

तो कॉफी ढवळत राहिला. "मेधा, तुम्हाला कल्पना नाही. हा महोत्सव नाराज झाला तर मला पुढचं काम मिळणार नाही. मी त्यांना खूप समजावलं. ते म्हणाले, एक तर असं करा, नाहीतर रचनाच काढून टाकू. मला वाटलं, निदान संगीत तरी लोकांपर्यंत जाईल."

"कुठलं संगीत? फाटण्याची जागा तूच लिहिलीस ना? माझा आवाज फाटला नाही तर बाकीच्यांना वाट नाही, हे तूच म्हणालास. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती रेघ आहे का?"

"नाही."

"मग ते तुझंही संगीत नाही. तुला पुढचं काम मिळेल, डेस्मंड. तू चौतीस वर्षांचा आहेस. रझाली अंकल एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना पुढचं कुठून मिळणार?"

त्यानं मान खाली घातली. मेधाला त्याची कीव आली नाही. तिला त्याच्या गप्प बसण्याचा जास्त राग आला. जॅनिस होला या लोकांची ओळखच नव्हती. याला प्रत्येकाची आई ठाऊक होती.

कार्यक्रमाच्या दिवशी ती गार्गीला घेऊन प्रेक्षकांत बसली. मंचावर तेहतीस जण रांगेत उभे होते, एकसारख्या निळ्या कपड्यांत. निशिकांत दुसऱ्या रांगेत. सिल्वियाआंटींनी केस सेट केले होते. दिवे सोनेरी झाले, स्पीकरमधून तो लखलखीत आवाज आला, तेहतीस तोंडं उघडली, मिटली. लोक भारावून ऐकत होते. शेजारच्या बाईनं डोळे पुसले. संपल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. निवेदक म्हणाला, "आपल्या शेजाऱ्यांचे, साध्यासुध्या माणसांचे हे खरेखुरे आवाज!"

मेधा बसून राहिली.

नंतर संगीतकाराशी गप्पा होत्या. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे. मेधानं हात वर केला.

"ममा, डोन्ट लाह," गार्गी कुजबुजली. "प्लीज."

मेधा माईक घेऊन उभी राहिली. "माझा एकच प्रश्न आहे," ती म्हणाली. "आत्ता आम्ही कुणाचा आवाज ऐकला?"

निवेदक हसून मध्ये पडायला लागला. डेस्मंडनं त्याला हातानं थांबवलं. तो म्हणाला, "यांचा नाही. मंचावरचं कुणीही गात नव्हतं. हे रेकॉर्डिंग होतं, दुसऱ्या गायकांचं. मी त्याला हो म्हणालो. म्हणायला नको होतं. आणि ज्यांनी आत्ता प्रश्न विचारला, त्यांच्या आईची ती हाक आहे. चहाशी तिचा काही संबंध नाही."

सभागृहात खुर्च्यांची कुरकुर ऐकू आली. जॅनिस हो विंगेत फोनवर बोलत होती. गार्गीनं आईचा हात धरला होता, तो सोडला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मेधाला बरं वाटलं असतं. पण बाहेर लॉबीत सिल्वियाआंटी समोर आल्या. त्यांच्यामागे मेलबर्नहून आलेले दोन नातू खाली बघत उभे होते. आंटींच्या गालांवर काजळ ओघळलं होतं.

"आत्ताच बोलायला हवं होतं?" त्या म्हणाल्या. "माझ्या नातवांसमोर? दोन मिनिटांपूर्वी ते म्हणत होते, ग्रँडमा, तू किती छान गायलीस."

मेधाकडे उत्तर होतं. तुम्ही गायलाच नव्हतात, हे उत्तर होतं. ते तिनं दिलं नाही. जॅनिस होनं लाज वाटून घ्यायची, ती सिल्वियाआंटींनी घेतली, आणि त्या लाजेवर बोट ठेवायचं काम मेधाच्या वाट्याला आलं. या अन्यायाचं काय करायचं ते तिला कळेना. आंटी नातवांना घेऊन निघून गेल्या.

आठवड्यानं महोत्सवाचा मेल आला. 'सादरीकरणाच्या स्वरूपाबाबत झालेल्या गोंधळाबद्दल खेद आहे.' गोंधळ! जणू माईकची वायर निघाली होती. मेधानं प्रत्युत्तर लिहिलं, 'गोंधळ झाला नव्हता. ठरवून केलं होतं.' त्याला उत्तर आलं नाही.

डिसेंबरात डेस्मंडचा फोन आला. त्याला कुणाकडूनही नवं काम आलं नव्हतं. "मला ते पुन्हा करायचंय," तो म्हणाला. "जसं लिहिलं होतं तसं. सभागृह नाही माझ्याकडे."

"माझ्या ब्लॉकखाली जागा आहे," मेधा म्हणाली. आणि टाउन काउन्सिलचा परवान्याचा फॉर्म तिनं स्वतः भरला.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी बुकित पंजांगच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सव्वीस जण उभे राहिले. निशिकांत आला नाही; त्या दिवशी बँकेचं काहीतरी होतं म्हणे. सिल्वियाआंटी आल्या नाहीत. ऐकायला साठेक माणसं, त्यातली निम्मी खरेदीच्या पिशव्या घेऊन सहज थांबलेली. वरच्या पुलावरून एलआरटीची गाडी गेली की अर्धी ओळ बुडायची. एक मूल पायानं रेटायची स्कूटर घेऊन मधूनच गेलं. रझाली अंकलांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी वाट पाहिली. मेधानं हाक मारली. 'ली' फाटला, पार चिंध्या झाल्या, आणि त्या चिंध्यांवरून पंचवीस जण वर चढले. शेवटचा सूर बेसूरच होता. टाळ्या विखुरलेल्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अंकल, वन्स मोर!"

रेकॉर्डिंग डेस्मंडनं नेटवरच्या आपल्या पानावर टाकलं. खाली प्रत्येक हाकेपुढे तिच्या मूळ मालकाचं नाव. 'सुलभा, डोंबिवली.' चारशे लोकांनी ऐकलं असेल. महोत्सवाचा तो झगमगीत व्हिडिओ अजून नेटवर आहे, लाखभर लोकांनी पाहिलाय, आणि खाली अजून 'कवी अज्ञात' असं लिहिलेलं आहे. मेधानं सहा वेळा तक्रार केली. ती दर सहा महिन्यांनी करते.

२०१७ मध्ये त्यांचा पीआर मंजूर झाला. निशिकांत पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "नशीब तुमचं, वहिनी." मेधानं पेढा खाल्ला, पण दिवसभर तिचं डोकं तापलेलं होतं. तेहतीस माणसं तिथे ओठ हलवत उभी राहिली होती. त्यांतल्या कितीजणांना कुणी अशीच कानात भीती घातली असेल, आणि त्या भीतीत तथ्य किती होतं? नशीब म्हणे.

कोरस अजून बिशानला जमतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एका शनिवारी सिल्वियाआंटी दारात उभ्या राहिल्या. कुणाशी न बोलता त्या आपल्या जुन्या जागी, मेधाच्या शेजारी येऊन थांबल्या. मेधाची सुरुवात चुकली तेव्हा त्यांनी कोपर मारलं, चांगलं जोरात. चार शनिवार त्या फक्त कोपर मारत होत्या. पाचव्या शनिवारी सराव संपल्यावर पर्सची चेन लावता लावता म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. पण माझा राग गेलेला नाही."

"नका घालवू," मेधा म्हणाली. "माझाही गेलेला नाही."

मग दोघी एमआरटी स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेल्या.